बर्गनमधलं पहिलं बाळंतपण

प्रिय बाबा,

आज इथल्या इस्पितळात माझ्या हातून पहिलं बाळंतपण झालं. माझं मोडकंतोडकं नॉर्वेजियन ऐकून बाळंतीण रागन्हिल्डला कळांमध्येही हसू फुटलं. "अगं, तुझ्या पोर्तुगीजमध्येच ओरड, मला कळेल!"

मी ओरडले, "जोर लाव, बाई, जोर लाव!"

बाळ आलं, पण रडेना. सुईणबाई सोल्वाइग शेजारीच होत्या. "मी आहे इथे. तूच कर," म्हणाल्या. मी टॉवेलने त्याची पाठ खसाखसा चोळली. चोळतच राहिले. मग ते असं किंचाळलं, की आम्ही तिघीही रडलो.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. नाताळात घरी येऊन सांगेन. तुम्ही आपल्या गावच्या बंदरभर सांगत सुटाल, पण त्याआधी हे ऐकतानाचा तुमचा चेहरा मला बघायचाय.

तुमची होऊ घातलेली डॉक्टर,
बेनेदिता