गुडगुंबाचा आवाज

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पुस्तकाचा कार्टून सिनेमा होतोय आणि आवाजांचं काम माझ्याकडे आलंय, इथवर सगळं ठीक. पण तुझ्या त्या गुडगुंबानं माझा जीव खाल्लाय. कपाटाएवढा केसाळ प्राणी खूश झाला की ‘कोणी कधी ऐकला नसेल असा’ आवाज काढतो, असं लिहून तू मोकळी झालीस. कोणी ऐकलाच नाही, तर मी काढू कसा?

बाकीची मंडळी पटापट उरकली. राक्षसाच्या हाडांच्या कडकडाटासाठी भाजीतले मुळे मोडले, उडत्या सरड्याच्या पंखांसाठी जुनी छत्री उघडमीट केली. गुडगुंबासाठी ओलं चामडं पिळलं, फुगे घासले, बादलीत तोंड घालून ओरडलो. दिग्दर्शकानं एकोणीस आवाज नाकारले. आता म्हणतो, दहा तारखेपर्यंत जमलं नाही तर गुडगुंबच काढून टाकू. लिहिताना तुझ्या मनात काय होतं ते कळव. काहीच नव्हतं म्हणालीस तर पाच वर्षं तुझ्याशी बोलणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बोका

५ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

पाच वर्षं गप्प बसणं तुला आता झेपायचं नाही. एकदा मात्र झेपलं होतं. पाचवं सरेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. आईनं डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. काका तर तुला तोंडावर ठोंब्या म्हणायचे. पण मी शाळेतून आले की तू जिन्याखालून, नाकातून एक आवाज काढायचास. काकांना वाटायचं, नळात हवा अडकली. मला तो फार आवडायचा. मग तू बोलायला लागलास, तो अजून थांबला नाहीस, आणि तो आवाज गेला. म्हणून गुडगुंब लिहिला. तुला सांगितलं नाही, डोक्यावर चढून बसला असतास.

त्याला काढू देऊ नकोस रे. हवं तर राजकन्या कापा, मलाही ती आवडत नाही.

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस नाकातून आवाज काढतोय. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आधी डॉक्टरला दाखवा. मला काही म्हणजे काही आठवत नाही. तूच ये. गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही.

बोका

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? काल तू येऊन आधी खुर्ची बुटकी आहे म्हणून दिग्दर्शकाला झापलंस, मग चष्मा काढलास आणि एकदाच, नाकातून, तो आवाज काढलास. दिग्दर्शक उठून उभाच राहिला. गुडगुंब सिनेमात राहिला, आणि नावांच्या यादीत त्याचा आवाज म्हणून तुझं नाव जाणार आहे.

सगळे हसत होते तेव्हा मी वायर बघायला म्हणून बाहेर गेलो. वायर वगैरे काही नव्हती, रडत होतो. ‘लहानपणी तू नुसता गप्प असायचास’, हेच मी जन्मभर सगळ्यांकडून ऐकत आलोय. मलाही ते खरंच वाटत होतं.

लोभ आहे तो आता कळलाय, तो तसाच ठेव.

मी गप्प नव्हतोच की गं, ताई.

तुझा,
बोका