रिटर्न गिफ्ट नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं

बाबा, गेल्या रविवारी तुमच्या नातीचा पाचवा वाढदिवस झाला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिनं तुम्हाला फक्त भिंतीवर पाहिलंय, आणि फोटोतले आजोबा हसत का नाहीत, असं ती मला अधूनमधून विचारते. मी सांगते, फोटोवाल्यानं हलू नका म्हटलं होतं म्हणून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मधल्या काळात तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही, पण सांगण्यासारखं काही घडलं की ते आईला सांगून व्हायचं. हे मात्र आईला सांगता येत नाही, कारण यात चूक माझी आहे आणि ती माझीच बाजू घेईल.

आता वाढदिवसाला आलेल्या मुलांना निघताना एकेक बॅग द्यावी लागते. रिटर्न गिफ्ट म्हणतात. बेलवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लहान मुलंच इतकी आहेत की महिन्याला एक तरी वाढदिवस असतोच, आणि दर वेळी लेक एक चकचकीत बॅग घेऊन येते. त्यात स्केचपेन, फुगे काढायची बाटली, लाइट लागणारं काहीतरी, जे दुसऱ्या दिवशी पलंगाखाली सापडतं आणि तेव्हा त्याचा लाइट लागत नाही. प्रत्येक आई मागचीपेक्षा थोडी मोठी बॅग देते. अंबरनाथच्या लॅबमधून सुटल्यावर मी एकदा उल्हासनगरला गेले होते. तिथं नुसत्या रिटर्न गिफ्टची दुकानं आहेत. दुकानदार म्हणाला, "दीदी, पाच साल की बेबी? फिर तो युनिकॉर्नही चलेगा. वॉटर बॉटल, पाऊच, नॅपकिन, पूरा सेट. डझन में लो." मी हातात घेऊन बघितलं, परत ठेवलं आणि रिकाम्या हातानं घरी आले.

खरं कारण दुकानात नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा रिक्षा चालवतो, बायको घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, आणि लेकीच्याच वयाची एक मुलगी. रोज खाली खेळते, पण वाढदिवस असला की त्या दिवशी नेमका तिला ताप येतो. लागोपाठ तीन वाढदिवसांना ताप आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेलं की घ्यावं लागतं, घेतलं की कधीतरी द्यावं लागतं. आपण हे थांबवायचं, असं मी ठरवलं आणि ग्रुपवर लिहिलं, "कृपया गिफ्ट आणू नका. आमच्याकडे रिटर्न गिफ्ट नाही. मुलांना फक्त खेळायला पाठवा." दोघीतिघींनी अंगठे पाठवले. एकीनं लिहिलं, "अरे वा, नया ट्रेंड!" मला स्वतःचं फार कौतुक वाटलं बाबा. वरच्या बाईसाठी आपण काहीतरी केलं आणि तिला कळूही दिलं नाही, असं.

लेकीला हे सांगितलं. मग आंघोळ घालताना विचारते, "आई, मी सगळ्यांच्या बॅगा घेतल्यात. आता मी नाही दिली तर मी चोर होणार ना?" मी तिला सांगितलं की असं नसतं, प्रेम असतं, मैत्री असते. ती साबणाचा फेस हातावर घेऊन ऐकत होती. तुमचे जावई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने घरीच आहेत. ते बाहेरून ओरडले, "अगं, देऊन टाक ना काहीतरी. पोरीला कशाला तत्त्वज्ञान?" मी ऐकलं नाही.

तेव्हा मला आपली अंबरनाथची चाळ आठवायला हवी होती. आठवली नाही. माझा सातवा वाढदिवस. तुम्ही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रोज शेकडो माणसांचं जेवण रांधायचात, म्हणून सुट्टीच्या दिवशी घरातल्या स्टोव्हकडे बघायचाही नाहीत. पण त्या दिवशी सकाळपासून तुम्ही बनियनवर बसून शंकरपाळी तळताय. आई माझ्या जुन्या वह्यांची पानं फाडून त्याचे कोन करतेय आणि कुरकुरतेय, "पोरं इथं खाऊन जातील, वर आणि पुड्या कशाला?" तुम्ही झाऱ्यावरची शंकरपाळी निथळत म्हणता, "पोटात गेलेलं पोर जिना उतरेपर्यंत विसरतं. हातात काहीतरी असलं की घरी जाऊन दाखवतं." खोलीभर तुपाचा वास आहे आणि मला सारखं वाटतंय की आज माझ्याइतकं महत्त्वाचं माणूस चाळीत कुणी नाही.

संध्याकाळी सगळी पोरं आली. टोकाच्या खोलीतली मुलगी तेवढी आत येईना. तिच्या वडलांचा कारखाना बंद पडला होता, आणि हात हलवत कुणाच्या वाढदिवसाला जायचं नाही असं तिला घरून सांगितलं असावं. ती कठड्याला टेकून उभी होती, जसं काही ती तिथं वारा खायला आली आहे. तुम्ही बाहेर गेलात आणि मोठ्यानं म्हणालात, "अगं बाय, तू इथं? मी कधीचा तुला शोधतोय. पुड्या वाटायला माझ्याकडे माणूस नाही." तिनं लगेच मोरीत जाऊन हात धुतले. परात घेऊन ती दारात उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला ते सहनच झालं नाही. "माझा वाढदिवस आहे, मी वाटणार," म्हणत मी परात ओढली. निम्म्या पुड्या खाली, शंकरपाळी गॅलरीभर. तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत. सगळ्या पोरांसमोर एवढंच म्हणालात, "सात वर्षांची झालीस म्हणून मला वाटलं, मोठी झालीस." मग मला शंकरपाळी वेचायला लावलीत आणि परात परत तिच्या हातात दिलीत. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला कित्येक वर्षं वाटत होतं की तुम्ही तिची दया केलीत आणि माझा अपमान.

रविवारी पार्टी चांगली झाली. वीसेक मुलं, उड्या, संगीत खुर्ची, केक सोफ्याला. वरची मुलगीही आली, ताप न येता, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसले. साडेसातला मुलांनी चपला घातल्या आणि सवयीनं दारात रांग लावली. कुणी काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली. एका छोट्यानं तर हात पुढे करून ठेवला होता. आया मोबाइलमध्ये बघायला लागल्या. लेकीनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ड्रेसमागे तोंड लपवलं. मी "बाय बाय, थँक्यू फॉर कमिंग" असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात वरची बाई जिन्यावरून खाली आली. हातात मोठी कापडी पिशवी. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, रागवू नका हां. ग्रुपवर वाचलं तुमचं. भाऊजी दोन महिने घरीच आहेत, मी बघते ना. असं होतं एखाद्याचं, आमच्याकडेपण झालंय. पण पोरीचा वाढदिवस आहे, पोरं मोकळ्या हातानी नको जायला. रव्याचे लाडू केलेत, दोन-दोन. कुणाला काय बोलू नका, तुम्हीच वाटा."

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि हसू आलं, आणि लगेच कानापर्यंत तापले. मी तोंड उघडलं होतं. अहो नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पगार चालू आहे, मी बॅगा घेऊ शकत होते, मी तर तुमच्यासाठीच... हे शेवटचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. तिच्या हाताला अजून तूप होतं. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर, बाबा, अगदी तेच. दुसऱ्याला देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते. ते मी एकदा ओढून घेतलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही वेळेवर आलात. पण तुम्हीच वाटा ना, मला एकटीला आवरत नाहीये." ती आधी नको नको म्हणाली, मग दाराशी जाऊन उभी राहिली. प्रत्येक मुलाला नाव विचारून तिनं पुडा दिला. लेक तिच्याशेजारी उभी राहून प्रत्येकाला "बघ, आमच्याकडचं" म्हणत होती.

तुमच्या जावयांना मी सगळं सांगितलं. ते हसून हसून गुडघा धरून बसले. आता जिन्यात ती भेटली की ते मुद्दाम जरा जास्त लंगडतात, म्हणजे तिला खरं काय ते आपोआप कळेल. अजून तरी कळलेलं दिसत नाही. काल तिनं आम्हा सगळ्यांना पुरेल एवढं खिमट, मऊ भात, पाठवलं होतं.

पुढच्या वर्षी बॅगा द्यायच्या की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. नाही म्हणण्यात चूक होती असं मला वाटत नाही. कुणाला काय झेपतं हे मी माझ्याच घरात बसून ठरवून टाकलं, ते चुकलं. तुम्ही त्या दिवशी त्या मुलीला काही दिलं नव्हतंत. तिच्याकडून काम मागून घेतलंत. एवढं साधं कळायला मला पस्तिसेक वर्षं आणि एक पार्टी लागली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाय, उशिरा का होईना." किंवा काहीच न म्हणता, लाडवात रवा कितपत भाजला होता ते विचारलं असतंत. छान भाजला होता. मी दोन खाल्ले.

हे पत्र मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत रिपोर्टच्या कोऱ्या कागदांवर लिहिलंय आणि ते माझ्या डब्याच्या पिशवीतच राहणार आहे. अजून एक सांगते, मग थांबते. त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, "लाडू एकदम मस्त! घरी केलेत का? रेसिपी प्लीज." वरची बाईही ग्रुपवर आहे, ती काही बोलली नाही. मी लिहिलं, "थँक्यू," आणि पुढे एक लाजणारा चेहरा टाकला. चार दिवस झाले बाबा, लाडू माझे नव्हते हे मी अजून तिथं लिहिलेलं नाही.