देवघरातली मधली बाटली

टेंभुर्णी, गुरुवार, ९ तारीख
सकाळची पूजा उरकून

तीर्थरूप काकासाहेब दादा यांच्या पायांवर धाकट्या बहिणीचं, दैवशालाचं, डोकं. तुमचा गुडघा कसा आहे? तुळजावहिनी सांगतात तो एरंडाच्या पानांचा शेक खरंच घेता, का नुसतं हो म्हणता? इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेनं ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मी बिलकुल ठीक नाही. दोन महिने झाले, जीव एका जागी बसत नाही. फोनच केला असता, पण पोरगी साधना दिवसभर घरात असते आणि हे तिच्या कानावर जायला नको. (पाकीट आणून देताना ह्यांनी विचारलं, आता पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, ज्याला हळू बोलायचंय तो.)

पोरीच्या शिक्षणाची वाट तुम्हाला ठाऊकच आहे. जालन्यात बी.एस्सी., संभाजीनगरला एम.एस्सी., दोनदा हुकून तिसऱ्यांदा पास झालेली नेट, आणि आता तिथंच पीएच.डी.चं सहावं वर्ष. माझं डोकं मॅट्रिकच्या पुढं गेलं नाही, म्हणून समजलं तेवढं सांगते. तिनं औषधाचा एक नवा पदार्थ तयार केलाय, जगात कुणी केलेला नाही. (आमच्या नणंदबाई पुष्पाबाई म्हणतात, कुणाला लागला नसंल म्हणून केला नसंल.) पण तो मधासारखा पातळच राहतो. त्याचा खडीसाखरेसारखा खडा झाला, तरच मशीनमध्ये फोटो निघतो, आणि फोटो निघाला तरच जग मानतं. चार वर्षं खडा होईना. पुष्पाबाई दर सणाला येतात आणि विचारतात, "सहा वर्षं रसायन शिकून राह्यली, अन् फिनेल अजून दुकानातूनच आणता का गं?" मी हसते. हसायला खर्च नाही.

दोन महिन्यांमागं तिच्या लॅबशेजारी बांधकाम निघालं. सगळी इमारत थरथरायला लागली, आणि खड्याला हललेलं चालत नाही. मंग ती तीन चिमुकल्या बाटल्या मांडीवर धरून बसनं घरी आली. बाटल्यांच्या तोंडावर चांदीचा कागद, त्याला सुईनं भोकं. सगळं घर तपासलं. स्वयंपाकघरात मिक्सर, ओसरीवर ट्रॅक्टरचा हादरा. शेवटी देवघर पसंत पडलं. म्हणाली, पंधरा दिवस इथलं काही हलवायचं नाही. दादा, लग्न होऊन आल्यापासून माझे देव एक दिवस बिनआंघोळीचे राहिले नाहीत. मी लांबूनच फूल ठेवायची, दिवा बाजूच्या पाटावर लावायची. घंटी वाजवायलासुद्धा बंदी, बाटल्यांना त्रास होतो म्हणून. पाचव्या दिवशी खंडोबाच्या टाकावर धूळ दिसली आणि मी पुसायला उचललेला पदर तसाच खाली सोडला.

नवव्या दिवशी गुरुवार आला. आपल्या माहेरची रीत तुम्ही जाणता, घरात नवं काही आलं की अंगारा लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मी साधनाच्या दप्तराला लावला, हॉलतिकिटाला लावला, फ्रिजलासुद्धा लावला. आणि ह्या तिघी नऊ दिवस देवाजवळ पाहुण्या, त्यांना काहीच नाही? बाहेरून लावला तर काचेवर टिकेना. मंग मधल्या बाटलीचा कागद जरासा उचलला आणि एक चिमूट आत सोडली. एकीतच सोडली. (गुण यायचा तर तिघींना येईल, तीन चिमटी कशाला?)

तिसऱ्या दिवशी मधल्या बाटलीत सुयांसारखे लांब, चमकणारे खडे. बाजूच्या दोघींत मध तो मधच. पोरगी देवाच्या पाया पडली, मग माझ्या. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "देवाची कृपा."

तिचे सर म्हणाले, एकदा झालं ते नशीब, तीनदा झालं तर शास्त्र. तेव्हापासून तिनं आणखी अकरा बाटल्या ठेवून पाहिल्या, ह्याच देवघरात. खिडकी उघडी होती का, दिवा किती वेळ तेवला, माझ्या बांगड्या वाजल्या का, सगळं मला विचारलं. मी सगळं बराबर सांगितलं, तेवढी चिमूट सोडून. परत गुपचूप टाकावी असंही मनात आलं, पण एकदा झाली ती चूक, दोनदा केलं तर पाप. प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेर, दोनदा वाढवून झाली, तिसऱ्यांदा मिळत नाही. काल ती म्हणाली, "आई, ते माझ्या हातून झालंच न्हवतं. मला जमत न्हाई." आणि शाळेतल्या नोकरीचा फॉर्म भरायला बसली. जी पोरगी एक बाटली सात वेळा धुते, तिला कसं सांगू की तुझ्या आईनं आत राख टाकली?

तुमची बहीण,
दैवशाला

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहिते. त्या आठवड्यात तुम्ही एक दिवस आल्ते. साधनाला फोन करून एवढंच सांगा, की अंगारा लावताना मामाच्या हातून बाटलीत पडला. मामावर ती रागवत नाही. खोट्याचं पाप माझ्याकडं.

ता. क. दुसरा, शनिवारी. फोन करू नका. पाकीट चिकटवायच्या आत मीच सांगून बसले. फॉर्मवर "शिक्षण अर्धवट" लिहिताना तिचा पेन थांबला, ते मला बघवेना. मला वाटलं, आता बाटली आपटते. तर म्हणाली, "आई, चिमूट म्हंजे किती?" मी म्हटलं, चिमूट म्हंजे चिमूट. मंग दहा कागदांवर दहा चिमटी टाकायला लावल्या आणि सोनाराच्या काट्यावर मोजून आली. म्हणे दहाच्या दहा सारख्या भरल्या. तेव्हापासून धड बोलत नाही, नुसते प्रश्न विचारते. गोवरी कोणत्या गाईची, राख चाळली का, धूप कोणता. सरांनी सांगितलंय, राख आणा आणि आईलाही आणा. वीस तारखेला, सोमवारी, लॅबमध्ये (बांधकाम आता थांबलंय) सगळ्यांसमोर मी तीन नव्या बाटल्यांत चिमूट टाकायची. भोकरदनच्या स्टँडवर सकाळच्या पहिल्या गाडीला या, दादा, मला एकटीनं होणार नाही. (लिहिलेलं फाडणं जिवावर आलं म्हणून वरचं खोटंही तसंच पाठवते.) देवासमोर मी कधी चिमूट मोजली नाही. आता सकाळपासून कागदावर तीन-तीन टाकून बघून राह्यले.