दहापैकी तीन

ती. सौ. आर्डिसताईस,

वर्नरचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनातच घातलाय. खरोखर घातला, तर मला उचलायला तुला ॲरिझोनाहून मिनेसोटापर्यंत यावं लागेल.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझा गुडघा आणि तुझ्या नवरोबांची, लोवेलची, तब्येत तिकडच्या उन्हात सुधारली असेल, अशी आशा करतो. आपलं तळं अजून दगडासारखं गोठलेलं आहे.

माझ्या पाठीचं विचारलं होतंस. पाठ आहे, आणि आहे हे ती क्षणभरही विसरू देत नाही. जेवण मी ओट्यापाशी उभ्यानेच उरकतो, झोपतो आरामखुर्चीत, आणि मोजे अंगणातल्या शेगडीच्या लांब चिमट्याने चढवतो. (जॅनिस असती तर तिने मोजे घालून वर बायकोच्या हक्काने चार शब्द सुनावले असते. चिमटा नुसताच घालतो. घरात बोलणारं कुणी उरलं नाही, त्याची अशा वेळी फार आठवण होते.) शेवटी सर्जनबाईंना दाखवलं. वयाने आपल्या भाचीएवढ्या, पण हुशार. मणक्यातली चकती सरकून पायाची नस दाबली गेलीय म्हणाल्या, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला: एक ते दहात दुखणं किती?

आता तूच सांग ताई, आपल्या घराण्यात आजवर दहा कोण म्हणालंय? बाबांचा हात मका सोलायच्या यंत्रात सापडला, तेव्हा ते दीड शेत चालत घरी आले आणि आईला म्हणाले, "सवड झाली की जरा बघतेस का?" त्याला चार धरले, तर मी कोणत्या तोंडाने मोठा आकडा सांगणार? मी तीन म्हणालो. (म्हणताना टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.) बाई म्हणाल्या, "तीनसाठी मी कुणाची पाठ उघडत नाही. पण तुमच्या मणक्याचं चित्र काही तीनचं दिसत नाही. बघा बुवा, निर्णय तुमचा." ऑपरेशननंतर बहुतेकांना बरं वाटतं, काहींना फरक पडत नाही, आणि थोड्यांचं आणखी बिघडतं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या थोड्यांत मी असलो तर? चाकाच्या खुर्चीत बसलो तर ती खुर्ची ढकलणार कोण? हाच विचार डोकं पोखरतोय.

लोवेलचं हेच ऑपरेशन झालंय, म्हणून त्याला फोन केला. "कसं वाटतं आता?" "तक्रार नाही." "आधीपेक्षा बरं?" "आधीही तक्रार नव्हती." मग आम्ही संत्र्यांवर बोललो. हाच माणूस ऑपरेशनच्या आधी रांगत सणाच्या टर्कीच्या जेवणाला आला होता आणि वाटाणे छान झालेत म्हणाला होता. अशा साक्षीदारावर पाठ कशी सोपवायची?

त्यात शनिवारी थोडा बर्फ पडला. थोडाच आहे म्हणून फावडं घेतलं, आणि तिसऱ्या फावड्याला पाठ अशी आखडली की मी दारातच आडवा. शेजारची मर्टल खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन येत होती. (एकटा पुरुष दिसला की चर्चमधल्या बायकांना ओव्हन पेटवल्याशिवाय राहवत नाही.)

"काय वर्नर, पडलास?"

"छे, जरा टेकलोय."

"हात देऊ?"

"नको नको."

"बघ हं, देते हात."

"कशाला उगाच? थंडी कमी आहे आज."

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. मदत घ्यायची ती तिसऱ्यांदा विचारल्यावर. मी तिसऱ्याची वाट बघत होतो, तेवढ्यात मर्टलला आठवलं की ओव्हन चालूच राहिलाय. भांडं माझ्या शेजारी बर्फात ठेवून ती निघून गेली. हाक मारता आली असती. मारली नाही. पाय बधिर होत चालला होता, पडल्या पडल्या खिम्याचा वास येत होता, आणि ताई, मी घाबरलो. रडलोसुद्धा. मर्टल परत आली आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी इतक्या मोठ्यांदा "हो" म्हणालो की तिचं कुत्रं भुंकायला लागलं.

असो. काळजीचं कारण नाही. लोवेलला नमस्कार सांग.

तुझा धाकटा भाऊ,
वर्नर

ता. क. खिमा-बटाटा चांगला होता.

ता. क. २ : लोवेल आंघोळीला गेला की मला गुपचूप फोन कर आणि एवढंच सांग, तो आता बिछान्यात झोपतो का?

ता. क. ३ : येत्या महिन्याच्या दोन तारखेला बाई पुन्हा आकडा विचारणार आहेत. तू शेजारी बसलीस तर मला खोटं बोलता येणार नाही. लहानपणीही येत नव्हतं. येशील का? (एवढ्या लांबून खरंच नको येऊस. उगाच कशाला त्रास? ही माझी दोन 'नको' झाली. आता तू तिसऱ्यांदा विचार.)

ता. क. ४ : नऊ. वर 'सर्व क्षेम' लिहिलंय, ते खोडून वाच.