माझा ट्रे धाकटीनेच भरावा

मी, खाली सही करणारी, या इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागाची निवृत्त प्रमुख आणि सध्या इथल्याच स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर मुक्कामाला असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तसा तो आजवर कोणाला आणता आलेलाही नाही. उद्या सकाळी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. भूल दिल्यावर शुद्धीची हमी देता येणार नाही, म्हणून आजच लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर तो थाप मारतो आहे असं समजावं.

शेजारच्या खाटेवर एक वकीलबाई प्लॅस्टरमधला पाय टांगून पडल्या आहेत. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकी सगळं माझं. थोडक्यात लिहा, असं त्या सारखं सांगताहेत. इतक्या वर्षांचं आयुष्य थोडक्यात आटपायचं तर जगलेच कशाला?

कलम पहिले. हे मिळकतीबद्दल नाही आणि मृत्युपत्रात ते बसत नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. मी बसवते. उद्याच्या ऑपरेशनचा माझा ट्रे माझ्या धाकट्या जावेनेच भरावा. ती आता त्या विभागाची प्रमुख आहे. प्रमुखाने स्वतः ट्रे भरत बसू नये हा नियम मीच केला होता, तो उद्यापुरता मोडावा. आमच्याकडे जी बाई हत्यारं धुऊन, तपासून ट्रेमध्ये लावते, ती बंद पुडक्याच्या चिकटपट्टीवर सही करते. पुढे काही चुकलं तर त्या सहीवरून तिच्यापर्यंत पोचता येतं. माझ्या पुडक्यावर मला धाकटीची सही हवी, आणि तसा निरोप मी नर्सबाईंच्या हाती खाली विभागात पाठवलाही आहे.

आम्ही दोघी जावा. एका घरात नांदलो, एका विभागात राबलो आणि आता कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलत नाही. लोकांना वाटतं, घराच्या वाटणीवरून बिनसलं. छे! बिनसलं एका कात्रीवरून. कायम नोकरीसाठी धाकटीची परीक्षा होती आणि परीक्षक मी. कात्री धुवायची ती पाती पूर्ण उघडून, सांध्यात ब्रश फिरवून. धाकटीने मिटलेलीच धुतली. वरून बघाल तर लखलखीत, तोंड दिसावं अशी. मी सांध्यातून पांढरं फडकं ओढलं आणि त्यावर तपकिरी रेघ आली. असं वाळलेलं रक्त सांध्यात बसलं की वाफेलाही तिथे नीट शिरकाव मिळत नाही, आणि ती कात्री जाते थेट पुढच्या पेशंटच्या पोटात. मी तिला नापास केलं. ती म्हणाली, निदान घरचं माणूस म्हणून तरी सांभाळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, घरचं माणूस म्हणूनच फडकं दोनदा ओढलं. झालं! त्या दिवसापासून अबोला, आणि वर्षाच्या आत घराच्या मधोमध भिंत. आमचे नवरे सख्खे भाऊ, बिचारे भिंतीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा चहा पीत जगले आणि तसेच वारले.

पुढच्या खेपेला ती पहिली आली. तेव्हापासून तिच्या हातचा ट्रे थिएटरमधून तक्रार होऊन परत आल्याचं मी ऐकलेलं नाही. तिला नापास केलं ते बरोबरच केलं, आजही करीन. पण अबोल्याचं मला वाईट वाटतं. भिंतीपलीकडे ती नुसती शिंकली तरी मला बरं वाटतं, घरात कोणीतरी आहे असं वाटतं. हे तोंडाने सांगणं जमलं नाही, म्हणून कागदावर सांगते.

कलम दुसरे. घराचा माझ्या नावावरचा अर्धा भाग, मोरी आणि मागच्या अंगणासह, माझ्या पश्चात धाकटीचा. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. भिंतीचं काय करायचं ते तिचं तिने ठरवावं. माझा भाचा या कलमाने नाराज होईल. पोरगा मायाळू आहे, मला भेटायला वरचेवर येतो, फक्त येताना खिशात मोजपट्टी घेऊन येतो. मागच्या वेळी माझा ताप बघायच्या आधी त्याने स्वयंपाकघराची रुंदी बघितली. त्याला माझं लोखंडी कपाट द्यावं. त्याचंही माप त्याने घेऊन ठेवलंच आहे.

कलम तिसरे, माझ्या स्वतःच्या सामानाबद्दल. भिंग बसवलेला दिवा दातांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंना द्यावा. वापरलेली सुई त्या स्वतःच्या हाताने जाड डब्यात टाकतात, ट्रेमधल्या आरशांखाली दडवून खाली पाठवत नाहीत. बाकीच्यांनी दडवलेल्या सुया माझ्या बोटांना चांगल्या ठाऊक आहेत. दातांची हत्यारं बारीक, टोकं त्याहून बारीक, आणि त्यांच्या खाचेत अडकलेलं काढायला नजर लागते. दिवा त्यांच्याकडे शोभेल. मऊ ब्रश, सांध्यांचं तेल आणि जाड हातमोजे विभागातच राहावेत. तारेची घासणी कोणी आणली तर तिला दाराबाहेरच थोपवावी, घासणीला आणि आणणारीलाही. चरा पडलेल्या हत्यारात घाण घर करते, हे मी ओरडून ओरडून सांगितलं, आता लिहून सांगते.

कलम चौथे. हे पोटाच्या सर्जनसाहेबांनी ऑपरेशन झाल्यावरच वाचावं. साहेब, तुमचा हात सोन्याचा आहे, पण नाजूक कात्रीने चिकटपट्टी कापायची तुमची खोड काही गेली नाही. धार जाते, पात्यांना चिकटा बसतो आणि तुम्ही वर विचारता, कात्री चालत का नाही. माझी शिवणकामाची कात्री मी आजच तुमच्या नावाने नर्सबाईंकडे देऊन ठेवली आहे, ती मृत्युपत्रातली देणगी धरू नये. तिला दोरी बांधून गळ्यात अडकवा आणि जे कापायचं ते तिने कापा. राग नसावा. असला तर तो उद्याच्या टाक्यांवर काढू नये.

कलम पाचवे. बँकेत असेल नसेल त्यातून माझं शेवटचं करावं आणि उरलेलं विभागातल्या मुलींच्या चांगल्या चपलांसाठी वापरावं. ओल्या फरशीवर उभं राहून पायांची वाट लागते. माझा फोटो तिथे लावू नये. वाफेने माझं तोंड कायम घामेजलेलं दिसेल आणि नव्या मुली उगाच घाबरतील.

कलम सहावे, नंतर जोडलेले. वरचा मजकूर संपवून मी सही करणार, तेवढ्यात धाकटी वॉर्डात आली. कामाचे हिरवे कपडे, डोक्यावर टोपी. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि खिडकीकडे बघत म्हणाली की ट्रे भरला, एकेक सांधा उघडून बघितला, सही केली. मी मान हलवली. वकीलबाईंनी आपलं काम पुढे रेटलं. एक साक्षीदार मी आहे, म्हणाल्या, दुसरा कोण? धाकटीने गुपचूप पेन उचललं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तुझी सही इथे चालणार नाही, असं सांगितलं.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "ट्रेवर माझीच सही मागून घेतलीत," ती म्हणाली, "आणि कागदावर ती चालत नाही?"

आता काय सांगू? खरं सांगायचं तर घराचं सांगावं लागणार. मी पेनाचं टोपण लावत बसले. वकीलबाईंना मात्र राहवेना. "अहो बाई, ज्याला काही मिळायचं असतं त्याची सही साक्षीला घेत नसतात."

धाकटीने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेशंटच्या खाटेवर बसायला सक्त मनाई असताना ती खाटेवरच बसली.

"मला नको घर," ती म्हणाली. "पलीकडे कोणी नसलं तर मी अबोला धरू कोणाशी? ताई, तुम्ही परत या."

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. मी म्हटलं, "घर तुलाच मिळणार. पण तुला बरीच वर्षं वाट बघावी लागेल."

"बघीन," ती म्हणाली.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, मला तो पटला, आणि खालील दोघांच्या समोर मी सही केली. सही करताना कागद धाकटीने धरला होता. नुसतं धरायला कायद्याची हरकत नाही, असं वकीलबाई म्हणतात.

लिहून देणार: ताई (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या खाटेवरच्या वकीलबाई (सही, पडल्या पडल्या)

साक्षीदार दुसरे: पोटाचे सर्जनसाहेब (सही. चौथं कलम मी हाताने झाकून धरलं होतं. सही केल्यावर त्यांनी मी शुद्धीत असल्याचंही खाली लिहून दिलं.)

ठिकाण: स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट

तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, भेटीची वेळ संपून गेल्यावर. धाकटी अजून इथेच बसली आहे.