सातव्या नंबरची मशीन

दिग्रस. १ ऑगस्ट २०२३, मंगळवार, सकाळी ६.१०

शारदावहिनीच्या शिलाई मशीनचा गंज रॉकेलने पुसतो आहे. पुराचं पाणी गल्लीतल्या सात मशीनींत शिरलं. काल बैठक झाली. एका मदत संस्थेचे लोक धान्याचे किट घेऊन आलेले. शेजारच्या सलमाचाची म्हणाल्या, "गहू आठ दिवसांत सरते. मशीनी चालू करून द्या, गहू आम्ही घेऊ."

संस्थेने सुट्या भागांचे पैसे दिले. दुरुस्ती माझ्याकडे. आधी कुणाची, ते गल्लीने ठरवायचं. जिच्या घरी दुसरं कमावणारं नाही, ती आधी. या नियमाला हात पहिला वर केला आईने. मी कमावतो, म्हणून आमची सातवी.

१५ ऑगस्टच्या गणवेशांचं कापड व्यापारी सोमवारी देणार. जिची मशीन चालू, तिलाच.

३ ऑ.

दोन झाल्या. जेवताना आईने विचारलं, "आपली कवा करतं?" म्हटलं, नंबर आला की.

"हात वर केला तो लोकाईसमोर. तू तं घरचा होय ना?"

४ ऑ.

आई बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. विचारलं नाही. चाचींना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, तुझ्यासारखा रेशन दुकानात पाहिजे होता.

६ ऑ.

सहावी चालू. तिला नवीन शटल लागलं, खालचा दोरा फिरवणारा भाग; आणलेल्यांतलं ते शेवटचं. पैसेही संपले. आमच्या मशीनला तेच हवं. रात्रभर मनात एकच, आधीच बसवलं असतं तर? कुणाला कळलं असतं?

मला कळलं असतं. पण

७ ऑ., सोमवार

सहा जणींना कापड मिळालं. संध्याकाळी शारदावहिनी अर्धा गठ्ठा घेऊन आल्या. "काकू, सकाळी मी शिवते, दुपारून तुम्ही बसा माह्या मशीनवर."

आई म्हणाली, "मले कोणाची दया नोको."

वहिनी गठ्ठा खाटेवर ठेवून गेल्या. आईने हात लावला नाही. परतही पाठवला नाही.

८ ऑ.

शटलसाठी यवतमाळला गेलो. आपलं जुनं मॉडेल, बसेल की नाही, दुकानदार खात्री देईना. दुपारी ३ वाजता परत. खाट रिकामी. गठ्ठा नाही, आई नाही. वहिनींच्या घरात मशीन चालू होती. दाराशी उभा राहिलो. पायडलवर पाय कुणाचा, आवाजावरून कळेना. आत गेलो नाही.

खर्च: बस, जाऊन-येऊन २३०. शटल ३४०, पैकी दिले २००.
देणे: दुकानदार १४०.