बिनकेसपेपरची पेशंट

प्रिय ठमे,

फोनवर तू मला बोलू द्यायची नाहीस, आणि समोर आलो तर मीच काहीतरी विनोद करून पळवाट काढीन. म्हणून लिहितोय. आई बरी आहे, रोज तुझी आठवण काढते. भरलेली बस पुलावर थांबवून तू उतरलीस, हे तिला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी डेपोत तुझी चौकशी आहे आणि चौदा वर्षांची नोकरी टांगणीला लागली आहे, हेही नाही.

परवा दवाखान्यात एक सुतार आला. छातीत धडधड, हाताला मुंग्या, झोप नाही. तीन महिन्यांत पाचवी खेप, आणि कार्डिओग्राम दरवेळी स्वच्छ. मी खणातला सात प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस जीव घाबरा झाला, काळजी आवरेनाशी झाली का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं का, वगैरे. करवत हातात घेतली की आता बोट जाणार असंच वाटतं म्हणाला, आणि बोटं तर दहाच्या दहा शाबूत. एकवीसपैकी सतरा गुण झाले. आणखी थोडं खोदून विचारलं आणि सांगितलं, हा चिंतेचा आजार आहे, याला उपचार आहेत. मी वेडा नाही ना, एवढंच विचारून तो रडायला लागला.

तो गेल्यावर मी तुझा केसपेपर शोधायला लागलो. सापडतोय कुठला! घरच्यांचा केसपेपर आम्ही करतच नाही. तू मागच्या दाराने यायचीस, मी दोन पेशंटांच्या मधे उभ्याउभ्या नाडी बघायचो आणि म्हणायचो, घोड्याचं हृदय आहे तुझं, जा, बस चालव. नाडी शंभरच्या वर असायची. जिना चढून आलीस म्हणून, असं माझं मीच ठरवायचो. कंपाउंडरबाईंना विचारलं, तर त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, वर्षात अकरा वेळा आल्या होत्या ताई. परक्याला मी पाचव्या खेपेला का होईना, नीट विचारलं. सख्ख्या बहिणीला अकरा वेळा थट्टेवारी नेलं. माझ्या डोक्यात तू अजून पालीला बघून पलंगावर चढणारी भित्री भागूबाईच होतीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लाज वाटते गं.

आता जे सांगायचं ते सांगतो. तीन महिने टेबलाचं काम द्या, हा तुझा अर्ज फेटाळला म्हणून तू डेपोच्या साहेबांना उठताबसता शिव्या घालतेस, आणि मी शेजारी बसून हो ला हो करतो. त्यांनी आधी तुझा डॉक्टर म्हणून मला विचारलं होतं, ठमे. तुला न विचारता, न तपासता, ‘बस चालवण्यास पूर्णपणे योग्य’ असं मी लिहून दिलं आणि शिक्का मारला. कामात राहिली तर बरी राहील, असं वाटलं मला. त्यानंतर बाविसाव्या दिवशी तू चाळीस माणसं घेऊन त्या पुलावर होतीस. गुरुवारी मी डेपोत येऊन सांगणार आहे की तो दाखला खोटा होता. माझं पुढे जे व्हायचं ते होऊ दे. सोबत एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता ठेवलाय. त्यांना मी काही बोललेलो नाही, तुझं तू सांग, त्या ऐकून घेतात. आणि चौकशीच्या वेळी माझ्या शेजारी बसावंसं वाटलं नाही, तर बसू नकोस.

तुझाच, पण डॉक्टर म्हणून नव्हे,
दादा